कच्चा लिंबू की खरा गडी?



मुलांचा खेळ सुरू होण्याआधी भिडू वाटून घेतले जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि एकेक नाव पुकारतात. जो पळण्यात चपळ तो आधी जातो. ज्याच्या घरची बॅट असते तोही लवकर जातो. शेवटी एखादे लेकरू उरते. त्याचा पाय अधू असतो, किंवा त्याला नीट ऐकू येत नाही, किंवा सांगितलेले त्याला उशिरा समजते. दोन्ही म्होरके एकमेकांकडे पाहतात. मग त्यांच्यातला एखादा मनाचा चांगला मुलगा म्हणतो, "राहू दे, ह्याला कच्चा लिंबू घेऊ."

कच्चा लिंबू म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कोणी त्याला लिंबूटिंबू म्हणतात. तो खेळात असतो, पण खेळात धरला जात नाही. त्याला शिवले तरी तो बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. त्याने काढलेली धाव कोणी मोजत नाही आणि त्याच्या हातून झेल सुटला तरी कोणी रागावत नाही. तो आनंदाने सर्वांच्या मागे पळत असतो आणि खेळ त्याच्या बाजूने निघून जात असतो.

आज आम्ही आपल्यापुढे एवढाच प्रश्न ठेवू इच्छितो : असे करणे म्हणजे त्या मुलाचा स्वीकार झाला का? प्रश्न लहान मुलांच्या खेळाचा दिसतो, पण तो तेवढ्यापुरता नाही. आज जो मुलगा पटांगणात कच्चा लिंबू आहे, तोच पुढे लग्नकार्यात कोपऱ्यात बसवला जातो, गावच्या बैठकीत त्याचे मत विचारले जात नाही आणि घरच्या वाटणीत त्याच्या नावावर काय करायचे ते इतरच ठरवतात. त्याच्याशी कोणी वाईट वागलेले नसते. त्याला फक्त मोजलेले नसते.

प्रथम या प्रथेची चांगली बाजू सांगितली पाहिजे. कच्चा लिंबू ही आपल्या मुलांनी शोधून काढलेली मोठी माणुसकीची युक्ती आहे. ताईच्या मागे लागलेला तीन वर्षांचा भाऊ रडू नये, त्याला लागू नये आणि खेळही मोडू नये, यासाठी ती आहे. तिथे ती शोभते, कारण तो भाऊ वर्ष-दोन वर्षांत मोठा होतो आणि एक दिवस सर्वांच्या देखत जाहीर होते की आजपासून हा पक्का गडी. त्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येते. तो दमतो, चिडतो, रडतोही. पण घरी जाऊन आईला अभिमानाने सांगतो की आज माझ्यावर राज्य आले होते. अधू पायाच्या मुलाच्या बाबतीत मात्र तो दिवस उगवतच नाही. त्याचे वय वाढते, पण त्याला मिळालेली सूट तशीच राहते. लहानपणापुरती असलेली सवलत त्याच्या जन्माला चिकटते. २०१७ साली आलेल्या एका मराठी चित्रपटाने हाच शब्द नाव म्हणून घेतला होता. जयवंत दळवी यांच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवर आधारलेल्या 'कच्चा लिंबू' या चित्रपटात मतिमंद मुलगा आणि त्याचे आईवडील यांची कथा आहे.

आपल्या गावात अशी मुले नाहीत, असे कोणी म्हणू नये. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे शंभरात दोनांहून अधिक. मग संध्याकाळी पटांगणात ती मुले का दिसत नाहीत? काही घरात असतात, काही उंबऱ्यावर बसून पाहत असतात. काहींच्या आईला भीती वाटते की बाहेर पाठवले तर पोरे चिडवतील. ती भीती निराधार नसते. आपल्या खेड्यांत माणसाचे व्यंग हेच त्याचे नाव होऊन बसते. लंगड्या, बहिऱ्या, तोतऱ्या, येडा अशा हाका आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतो आणि मुले त्या आपल्याकडूनच शिकतात. सरकारी कागदावर 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्द आला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही सुरू केला. पाटी बदलली हे चांगलेच झाले, परंतु गल्लीतली हाक बदलण्याचे काम शासनाचे नाही, ते आपले आहे.

लहान मूल जन्मतः कोणाचा तिरस्कार करत नाही. त्याला फरक मात्र दिसतो. तीन-चार वर्षांचे मूल बसमध्ये सर्वांसमोर मोठ्याने विचारते, "आई, त्या दादाचा पाय असा का?" आई लाजते, त्याचा हात ओढते आणि "शू, असं विचारू नये" म्हणते. आपल्याला वाटते की आपण त्याला शिष्टाचार शिकवला. प्रत्यक्षात त्या मुलाने एवढेच शिकलेले असते की तो पाय ही काहीतरी बोलू नये अशी गोष्ट आहे. जे बोलू नये ते भीतीचे होते आणि ज्याची भीती वाटते त्याच्याबरोबर कोणी खेळत नाही. मुलाच्या मनात असे प्रश्न असतात : त्याला दुखते का? तो बरा होईल का? त्याच्याबरोबर खेळलो तर मलाही होईल का? या प्रश्नांना साधी, खरी उत्तरे द्यावीत. "त्याच्या पायात जोर कमी आहे. त्यामुळे तो हळू चालतो. तो आजार लागत नाही. दुखतं का ते तू त्यालाच विचार." एवढे सांगितले तर बहुतेक मुलांचे समाधान होते आणि ती लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळतात, की मग तो आपल्याबरोबर काय खेळू शकतो?

उत्तर देताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. गरोदरपणी ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून लेकराचा ओठ फाटका निघाला, आईबापाचे काही पाप असेल म्हणून असे मूल पोटी आले, असे बोलणे आपल्या भागात अजून ऐकू येते. ख्रिस्ती घरांतही येते. संत योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे पाहून हाच प्रश्न विचारला होता की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोघांचेही नाही म्हणून सांगितले. त्या उत्तरानंतर हा विषय आपल्यासाठी संपायला हवा होता. ज्या मुलाने घरात "त्यांच्या कर्माचं फळ आहे" असे ऐकले, ते मूल दुसऱ्या दिवशी त्या फळाबरोबर लगोरी कशी खेळेल?

काही पालक म्हणतील, आम्ही तर मुलांना दया शिकवतो. त्याला मदत कर, त्याला खाऊ दे, त्याला सांभाळ, असे सांगतो. दया वाईट नाही. पण दयेत एक जण नेहमी देणारा आणि दुसरा नेहमी घेणारा असतो. ज्याच्यावर सदैव उपकार होतात त्याला सवंगडी मिळत नाही, त्याला पालक मिळतात, आणि पालक त्याच्याजवळ घरी आहेतच. बाबा आमटे यांनी १९४९ पासून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले ते याच विचाराने, की कुष्ठरोग्याला भिक्षा नव्हे तर काम द्यावे, कारण कामाने त्याचे माणूसपण परत येते. लहान मुलाला काम नसते, त्याचे काम म्हणजे खेळ. म्हणून जे आनंदवनात शेतीने आणि हातमागाने साधले, ते लहान मुलांत गोट्यांनी आणि लगोरीने साधायचे आहे.

नुसते जवळ बसवल्यानेही मने जुळत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवर लिहिताना दाखवून दिले की दोन गट एकत्र आले म्हणजे आपोआप गैरसमज मिटतात असे नाही. दोघांची पायरी समान हवी, दोघांचे ध्येय एक हवे, ते एकमेकांच्या साहाय्याशिवाय गाठता येऊ नये आणि वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. या चार गोष्टी एकत्र कुठे सापडतात, असा विचार केला तर खेळाशिवाय दुसरी जागा चटकन डोळ्यांसमोर येत नाही. वर्गात पहिला नंबर एकाचाच येतो. पंगतीत वाढपी वेगळा आणि जेवणारा वेगळा. खेळात मात्र एकाच संघातील सर्वांचा विजय एकच असतो. पण त्यासाठी अट पहिलीच आहे, पायरी समान हवी. कच्चा लिंबू करताना आपण नेमकी तीच अट काढून टाकतो.

इथे मुले स्वतःच एक हरकत घेतात आणि ती फेटाळून लावण्यासारखी नाही. ती म्हणतात, "त्याच्यासाठी नियम बदलायचा म्हणजे रडीचा डाव. आम्हाला एक नियम आणि त्याला दुसरा, हा कुठला न्याय?" मुलांची न्यायबुद्धी तीव्र असते आणि तिचा आदर केला पाहिजे. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी मुलांना गोट्या खेळताना पाहून आणि त्यांना प्रश्न विचारून १९३२ मध्ये मुलांच्या नीतिविचारावर ग्रंथ लिहिला. त्यांना असे दिसले की लहान मुलांना नियम हे वाडवडिलांकडून किंवा देवाकडून आलेले वाटतात, त्यांना हात लावता येत नाही. दहाएक वर्षांच्या पुढे मुलांना कळू लागते की सर्वांनी मिळून ठरवले तर नियम बदलता येतो. म्हणजे खेळाचा नियम कोणासाठी आणि कशासाठी असतो, हे शिकणे हा मोठे होण्याचाच एक भाग आहे. ज्या गल्लीत अधू पायाचा गडी आहे त्या गल्लीतील मुलांना हा धडा लवकर शिकण्याची संधी मिळते.

न्याय म्हणजे सर्वांना एकच माप, ही समजूत मोठ्यांचीही असते. थोर तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात एक सुंदर दाखला दिला आहे. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरत. दगड वाकडातिकडा असला तरी ती पट्टी त्याच्या आकाराप्रमाणे वळे आणि माप बरोबर येई. लोखंडी पट्टी सरळ राहिली असती, पण तिने दगडाचे खरे माप कधीच दिले नसते. ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे की नियम सर्वसाधारण गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. एखाद्या वेगळ्या प्रसंगी तो अपुरा पडला, तर त्याला वळवून घेणे हा न्यायाचा भंग नव्हे, ती न्यायाची पूर्तता आहे.

इथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण सगळा प्रश्न त्याच्यावरच उभा आहे. नियम वळवणे वेगळे आणि नियम काढून टाकणे वेगळे. अंधांच्या क्रिकेटमध्ये हा भेद स्पष्ट दिसतो. त्या खेळात चेंडूच्या आत छर्रे असतात, त्यामुळे तो वाजतो. गोलंदाज चेंडू हाताखालून जमिनीलगत टाकतो आणि टाकण्याआधी फलंदाजाला तयार आहेस का म्हणून विचारतो. अकरा जणांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावेच लागतात, बाकीच्यांना थोडेफार दिसते. पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दोन म्हणून मोजतात. पूर्ण अंध क्षेत्ररक्षकाने एक टप्पा पडलेला चेंडू पकडला तरी तो झेल धरतात. पण त्याच पूर्ण अंध फलंदाजाच्या यष्ट्या उडाल्या तर तो बाद. तिथे त्याला सूट नाही. त्याची धाव मोजतात, म्हणून त्याची विकेटही मोजतात. आणि चार पूर्ण अंध खेळाडूंशिवाय संघच होत नाही, म्हणजे तो कोणाच्या कृपेने संघात आलेला नसतो, संघाला त्याची गरज असते. याच खेळाच्या महिलांच्या पहिल्या टी-२० विश्वचषकात नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी विजेतेपद मिळवले.

दुसरी हरकत अधिक खोल आहे. मैत्री कोणावर लादता येते का? "ह्याला खेळायला घ्याच" असा हुकूम सोडला तर मुले घेतील, पण मनातून घेतील का? शिकागो येथील बालवर्गाच्या शिक्षिका व्हिव्हियन पॅली यांनी आपल्या वर्गात असा नियमच केला की कोणी कोणाला "तू खेळायचं नाहीस" असे म्हणायचे नाही. १९९२ साली त्यांनी त्याविषयी पुस्तक लिहिले. नियम लागू करण्यापूर्वी त्या मोठ्या वर्गांतील मुलांकडे सल्ला विचारायला गेल्या. त्या मुलांचे म्हणणे साधारण असे पडले की नियम न्यायाचा आहे, पण चालणार नाही. लहान मुलांत मात्र तो चालला. आम्हाला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, हे शिकवण्याचे वय पाच-सहाचे आहे. पंधराव्या वर्षी उपदेश करून फारसे साधत नाही. दुसरी, नियम मैत्री निर्माण करत नाही, तो फक्त दार उघडतो. कोणाला जिवलग मानायचे हे मुलाच्या मनावर सोडावे. पण पटांगण हे कोणाच्या मनाचे नसते, ते सर्वांचे असते. ज्याच्याबरोबर कधी खेळलोच नाही त्याच्याशी मैत्री होणार की नाही, हे कळणार तरी कसे?

आता आपल्याच खेळांकडे पाहू या. आंधळी कोशिंबीर आणि लंगडी हे आपले जुने खेळ. दोघांची नावे व्यंगावरून पडली आहेत. एकात डोळे बांधतात, दुसऱ्यात एक पाय दुमडतात. थोडा वेळ प्रत्येक मूल अंध होते, प्रत्येक मूल लंगडे होते. यात चेष्टा आहे का? ते खेळवणाऱ्यावर अवलंबून आहे. डोळे बांधलेल्या मुलाला टपल्या मारून हसणे एवढाच खेळ असेल तर अंध मूल त्यातून चुकीचेच शिकेल. पण सर्वांचेच डोळे बांधले तर? दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये युरोपात 'गोलबॉल' हा खेळ निघाला. त्यात घुंगराचा चेंडू असतो आणि खेळणारा प्रत्येक जण डोळ्यांवर पट्टी बांधतो, मग त्याला थोडे दिसत असो वा अजिबात नसो. आपल्या पटांगणातही हे करता येईल. सर्वांनी पट्ट्या बांधल्या की आवाजावरून दिशा ओळखण्यात अंध मुलगीच सर्वांत तरबेज निघण्याची शक्यता आहे आणि मग भिडू निवडताना तिचे नाव पहिले पुकारले जाईल.

यासाठी पैसा लागत नाही. चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की तो सरपटताना खसखस वाजतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी "थांबा" म्हणून ओरडण्याबरोबर रुमालही उंच करावा. ज्याला उभे राहता येत नाही त्याच्या संघाबरोबर लगोरी सर्वांनी बसून खेळावी. बसून सरकत लगोऱ्या रचण्याची गंमत काही वेगळीच असते. सागरगोटे आणि चिंचोके तर बसूनच खेळायचे असतात. ज्याला उशिरा समजते त्याला एका वेळी एकच नियम सांगावा आणि पहिले काही डाव जोडीने खेळू द्यावेत. शिवाशिवीत हळू चालणाऱ्यासाठी रिंगण लहान आखावे. पण त्या रिंगणात त्याला शिवले तर राज्य त्याच्यावर आले पाहिजे. आणि काय बदलायचे ते मोठ्यांनी वरून ठरवू नये. मुलांना एकत्र बसवून विचारावे, त्या मुलालाही विचारावे, "तुला कसं जमेल?" पुष्कळदा त्याच्याजवळ उत्तर तयार असते, कोणी विचारलेले नसते.

एक सूचना मोठ्यांसाठी. अशा मुलाला "देवाघरचं फूल" म्हणून देव्हाऱ्यात बसवू नये. इतर मुलांप्रमाणे तोही कधी चिडखोर असतो, लबाडी करतो, हरल्यावर डाव मोडतो. त्याच्याशी भांडण्याचा हक्क त्याच्या सवंगड्यांना द्यावा. "त्याला काही बोलू नको, तो तसा आहे" असे म्हटले की भांडण थांबते, पण त्याबरोबर खेळही थांबतो. चिडवणे आणि भांडणे यांत फरक आहे. त्याच्या पायावरून चिडवले तर तिथल्या तिथे खडसावावे. त्याने चिंचोके चोरले म्हणून भांडण झाले तर ते त्यांचे त्यांना मिटवू द्यावे.

मग ज्या मुलांची अवस्था याहून कठीण आहे त्यांचे काय? जे मूल अंथरुणावरून उठू शकत नाही, ज्याला खेळ समजतच नाही, त्याच्यावर राज्य कसे येणार? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण केवळ जिंकण्या-हरण्याच्या क्षमतेवर माणसाची किंमत ठरवली तर आपण मूळ मुद्दाच गमावून बसू. तिथे दुसरी कसोटी लावावी : तो नसेल तर खेळाला काही उणे पडते का? लपाछपीत ज्याच्या बाजेला हात लावून "धप्पा" म्हणायचे तो सुटकेचा खांब तोच असू शकतो. कोणता संघ आधी खेळणार हे ठरवणारी चिठ्ठी त्याच्या मुठीतून निघू शकते. बाज बाहेर आणली तर खेळ त्याच्या दारात येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून रुजला.

आज गावोगावी अंगणवाडी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यावे याची कार्यपद्धतीही जाहीर केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्कविषयक कराराच्या तिसाव्या कलमात अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात भाग घेता यावा असे म्हटले आहे आणि भारताने तो करार २००७ मध्ये मान्य केला. वेगळ्या शाळांनीही मोठे काम केले आहे. आपल्या देशात मूकबधिरांसाठी पहिली शाळा मुंबईत १८८५ च्या सुमारास निघाली, ती बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने. परंतु वसतिगृहात राहून शिकलेले मूल सुट्टीत गावी येते, तेव्हा त्याला वाचता येते, लिहिता येते आणि गल्लीत मात्र त्याला ओळखणारा एकही सवंगडी नसतो. कायदा आणि शाळा दारापर्यंत येतात. दारापुढच्या पटांगणाची जबाबदारी शेजाऱ्यांची आहे.

आपल्या गेवराई तालुक्यात हे अधिक जाणवते. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, घरे कुलूपबंद होतात आणि कारखाने बंद होईपर्यंत कित्येक लेकरे कोप्यांवर राहतात. कोपीवर अधू मुलाला नेणे अवघड म्हणून काही घरांत त्याला आजी-आजोबांजवळ ठेवले जाते. आई नाही, बाप नाही, भावंडे नाहीत, असे सहा महिने ते मूल उंबऱ्यावर काढते. त्या सहा महिन्यांत त्याला खेळायला कोण बोलावणार? उमापुरात मागे राहिलेली मुलेच बोलावू शकतात. आणि ती बोलावतील की नाही हे आपण त्यांना आतापासून काय शिकवतो यावर ठरणार आहे.

म्हणून आमची सर्व पालकांना विनंती आहे. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनी त्याला रविवारी मिस्साला बरोबर आणावे आणि मिस्सा झाल्यावर लगेच घरी नेऊ नये. अर्धा तास पटांगणात राहू द्यावे. तो पडेल, खरचटेल, कदाचित रडेलही. इतर मुलेही पडतातच. बाकीच्या पालकांनी आपल्या मुलांना घरून एवढेच सांगून पाठवावे की त्याला त्याच्या नावाने हाक मारायची आणि कसे खेळायचे ते त्याच्याबरोबर बसून ठरवायचे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मोठ्या मुला-मुलींनी पहिले काही रविवार लहानांच्या जवळ थांबावे, पण खेळ लहानांनाच खेळू द्यावा.

महिन्याभराने आपण सर्व मिळून पाहू. पटांगणात त्याच्यावर राज्य आले का? तो हरला तेव्हा कोणी त्याच्याशी वाद घातला का? आणि एखाद्या रविवारी तो आला नाही, तर मुलांपैकी कोणी आपण होऊन विचारले का, की आज तो का आला नाही?